सुईदोऱ्याने शिवलेलं सर्किट टिकवायचं कसं?

धावदोरा (१६ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. माझे बाबा फलटण तालुक्यात राहतात, वय ६८. रोज पहाटे पाचला सायकलने मळ्यात जातात. ऊसतोड सुरू झाली की त्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, वर धुकं, आणि बाबांचं जाकीट मातकट रंगाचं. गेल्या हंगामात त्यांच्या ओळखीतल्या एकांना ट्रॉलीचा धक्का लागला. तेव्हापासून पहाटे पाचला मला पुण्यात आपोआप जाग येते.

शिवणकाम मला आईकडून आलंय, आणि शाळेत मुलांना अर्डुइनो (कोड लिहून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) शिकवता शिकवता मीही शिकले. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या जाकिटाच्या पाठीवर पाच दिवे शिवले. शिवता येणारा गोल बोर्ड, वीजवाहक स्टीलचा दोरा, पाच निओपिक्सेल (कोडने रंग बदलता येणारे छोटे एलईडी दिवे) आणि खिशात ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी, ५०० मिलिअँपिअर-तासांची. भाऊबीजेला बाबांनी ते अंगात घालून अंगणात फेरी मारली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तीन आठवड्यांत सगळं बिघडलं. खांद्याजवळचे दोन दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस आणि मंद दिसतात. बाबा पायडल मारायला वाकले की बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आईने एकदा धुतलं (बॅटरी काढून, हाताने), त्यानंतर एक दिवा लागतच नाही. दोरा कुठेही तुटलेला नाही, मी प्रत्येक टाका तपासला. कुणी असं काही शिवलं आहे का? ते किती दिवस टिकलं?

सायकलपंढरी

ताई, काळजी समजते. पण रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावलेलं तयार जाकीट दोनतीनशे रुपयांना मिळतं. ना बॅटरी, ना कोड. पहाटेच्या रस्त्यावर साधी गोष्टच जास्त भरवशाची.

धावदोरा

पट्ट्या लावल्या आहेत, दादा. पण त्या चमकायला समोरच्या गाडीचा दिवा हवा. आमच्याकडे कितीतरी ट्रॅक्टर एकाच दिव्यावर चालतात, काही तर त्याही दिव्याशिवाय.

सायकलपंढरी

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग दोन्ही हवंच. लिहीत राहा, वाचतोय.

तपकीरगल्ली

तांबूस दिव्याचं कारण सांगतो, कारण यात मी स्वतः दोन महिने घालवले आहेत.

आपण दोऱ्याला तार समजतो, पण दोरा हा मुळात एक लांबलचक रोधक, म्हणजे विजेला अडवणारा भाग आहे. तीन पदरी स्टीलच्या दोऱ्याचा रोध मीटरला साधारण ३० ओहम भरतो. म्हणजे बोर्डापासून खांद्यापर्यंत ६० सेंटिमीटर दोरा गेला तर १८ ओहम. तेवढाच परतीच्या वाटेवर, एकूण ३६. निओपिक्सेल पूर्ण पांढरा लावला तर एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत खेचतो. पूर्ण पांढऱ्याचं सोडा, पाचही दिवे मिळून फक्त १०० मिलिअँपिअर घेताहेत असं धरलं तरी ०.१ गुणिले ३६, म्हणजे ३.६ व्होल्ट वाटेतच संपले. बॅटरीच ३.७ ची. खांद्याजवळच्या दिव्यापर्यंत काय पोचणार?

आता तांबूसच का? पांढरा रंग लाल, हिरवा आणि निळा मिळून बनतो. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. व्होल्टेज पडलं की आधी निळा मावळतो, मग हिरवा. लाल शेवटपर्यंत तग धरतो. तुमचे दिवे नीट आहेत, उपाशी आहेत इतकंच.

उपायही त्यातच आहे. पाठीवर पांढरा दिवा हवाच कशाला? मागे लालच लावा, वाहनांनाही मागचा दिवा म्हणून तोच ओळखीचा. नुसता लाल म्हटल्यावर दिव्यामागे २० मिलिअँपिअरच्या आत काम भागतं. त्यात कोडमध्ये ब्राइटनेस कमाल २५५ वरून ४० वर आणा. काळोखात तेवढाही लांबून दिसतो, आणि एक चार्ज रोजच्या तासाभराला आठवडाभर पुरेल.

मीनाकाकू_शिवणक्लास

मला इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही, पण टाका कळतो. धावदोरा, धुतल्यानंतर एक दिवा गेला म्हणतेस ना? गाठ सैल झाली असणार. भाचीसाठी मी असला दोरा शिवून पाहिला आहे. सुती दोऱ्याची गाठ ओली झाली की घट्ट बसते. स्टीलचा दोरा स्प्रिंगसारखा आहे, त्याची गाठ हळूहळू उलगडते. दोरा तुटलेला दिसणार नाही, पण दिव्याच्या भोकाला टेकलेलाही नसेल.

दिव्याच्या प्रत्येक भोकातून तीनचार वेळा टाका घे, बटण लावताना घेतो तसा, ओढून. मग मागे गाठ मारून तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब टाक. वाळल्यावरच उरलेलं टोक काप, आणि अगदी गाठीजवळ काप. लांब सोडलेली टोकंच पुढे एकमेकांना भिडतात. नेलपॉलिश मात्र टाके घेऊन झाल्यावरच लाव, आधी लावलंस तर ते दोरा आणि धातूच्या मध्ये शिरेल.

धावदोरा

काकू!! आत्ता जाऊन पाहिलं. चौथ्या दिव्याची गाठ खरोखर ढिली आहे, बोटाने दाबली की दिवा लागतो. मी एकेकच टाका घेतला होता.

तपकीरगल्ली

काकूंना साष्टांग नमस्कार. मल्टिमीटर (रोध मोजणारा, आणि वीज वाहत असेल तर वाजणारा मीटर) लावून मी चार तास शोधलं असतं.

विदर्भकन्या

वाकल्यावर बोर्ड बंद होतो तो शॉर्ट असणार. प्लस आणि मायनसच्या शिलाया एकमेकींपासून किती अंतरावर आहेत? कापडाला घडी पडली की बोटभर अंतरावरच्या दोन शिलाया सहज भेटतात. आणि ओळी कुठे एकमेकींना छेदतात का?

धावदोरा

अंतर दीड सेंटिमीटर. एका जागी छेद आहे, कंबरेजवळ. तिथे मध्ये कापडाचा तुकडा घातला होता, पण तो सरकलाय. घडी नेमकी तिथेच पडते.

गोधडीकार

छेदाच्या जागी तुकडा कशाला, गोधडीसारखा थर द्या! मी सासवडकडच्या बायकांकडून गोधडी शिकले. तिची सगळी गंमत थरांत असते. सर्किटही असंच शिवता येतं: वरच्या कापडाला प्लसची शिलाई, मधला थर कोरा, अस्तराच्या बाजूला मायनसची. सुई मधल्या थराच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही, वरवरचा धावदोरा घालायचा. मग ओळी कितीही छेदू देत, मध्ये कापड आहेच.

मी आजीसाठी एक गोधडी केली आहे. दोन वीजवाहक कापडांच्या मध्ये कार्बन मिसळलेला काळा प्लॅस्टिकचा कागद घातलाय, त्याला व्हेलोस्टॅट म्हणतात. दाब पडला की त्याचा रोध घटतो. त्याच्याबरोबर १० किलोओहमचा एक रोधक लावला की बोर्डाच्या अ‍ॅनालॉग पिनवर (कमीजास्त व्होल्टेज मोजणाऱ्या जोडणीवर) आकडा वाचता येतो. रात्री आजी उठली की आकडा बदलतो आणि माझ्या खोलीत छोटा दिवा लागतो. आजीला गुडघ्यांमुळे अंधारात तोल सांभाळता येत नाही. तिला मनगटावर पट्टा बांधायला आवडत नाही, पण गोधडी तिच्याच जुन्या लुगड्यांची आहे, ती तिला परकी वाटत नाही.

विदर्भकन्या

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. गोधडीकार, यावर वेगळा धागा काढा, फोटोंसह.

नॅनोप्रेमी

एक विरोधी मत मांडतो. शिवायचे गोल बोर्ड महाग पडतात. साधा अर्डुइनो नॅनो घ्या, बारीक सिलिकॉनची तार घ्या, सोल्डर करा (कथिल वितळवून जोडा) आणि वर कापड शिवा. बाबांची सुरक्षितता महत्त्वाची असेल तर दोऱ्याचा हट्ट का? तारेचा रोध जवळपास शून्य. जे प्रश्न आपण इथे सोडवतोय ते मुळात दोऱ्याने निर्माण केलेले आहेत.

तपकीरगल्ली

अर्धा सहमत. पॉवरच्या दोन ओळींना तार वापरावी असं माझंही मत झालं आहे. पण तार सोल्डरच्या सांध्यापाशी तुटते. कापड वाकतं, सोल्डर वाकत नाही, सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. दोरा रोज हजार वेळा वाकला तरी त्याला काही होत नाही. म्हणून पॉवरला तार (दोन्ही टोकांशी कापडाला चार टाके घालून बांधलेली), डेटाला (दिव्यांना कोडचे हुकूम नेणाऱ्या ओळीला) आणि बटणाला दोरा. डेटाच्या ओळीत प्रवाह नगण्य असतो, तिथे पन्नास ओहमने काही बिघडत नाही.

आणि नॅनोची भोकं अडीच मिलिमीटरवर असतात. शेजारशेजारच्या दोन भोकांत दोरा शिवून दाखवा, मी चहा पाजतो.

नॅनोप्रेमी

चहा वाचला तुमचा. तारेचा मुद्दा मान्य.

बर्लिनकर_भाऊ

गोल बोर्डांचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. अर्डुइनो २००५ चा, इटलीतल्या इव्रेआ गावचा. शिवता येणारा लिलीपॅड हा बोर्ड लिआ बीकली यांनी बनवला, तो २००७ मध्ये बाजारात आला. जांभळा, फुलासारखा, कडेला पाकळ्या आणि पाकळ्यांना मोठी भोकं. आतली चिप ८ मेगाहर्ट्झवर चालणारी, म्हणजे कमी व्होल्टेजवरही काम करणारी. पुढे २०१२ मध्ये अ‍ॅडाफ्रूट कंपनीचा तसाच फ्लोरा हा बोर्ड आला. दोन्हींचे आराखडे खुले आहेत, कुणीही उतरवून घ्यावेत आणि बदलावेत.

बीकली आणि बेंजामिन मॅको हिल यांनी २०१० मध्ये लोकांनी जाहीर केलेले प्रकल्प तपासले. साध्या अर्डुइनोच्या प्रकल्पांत करणारी स्त्री आहे असे २ टक्के निघाले, लिलीपॅडच्या प्रकल्पांत ६५ टक्के. दोन्हीची चिप एकाच घराण्यातली, भाषा तीच. बदललं काय, तर भोकांचा आकार आणि हातातलं साधन. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. मुलींना यात गोडी नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्यासमोर काय ठेवलं होतं ते पाहावं.

मीनाकाकू_शिवणक्लास

माझ्या क्लासला अठरा मुली आहेत. कोऱ्या कागदावर मापं घेऊन त्या चार टक्सचा ब्लाउज आखतात, तो अंगावर बसतो. त्यांना प्लस-मायनसची ओळ आखता येणार नाही का? मला हे शिकवणारं कुणी मिळालं तर मी उद्यापासून चालू करेन.

पाबळ_मित्र

काकू, पुण्याजवळ असाल तर पाबळच्या विज्ञान आश्रमात जाऊन या. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली संस्था. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने देशाबाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब (यंत्रांवर स्वतः वस्तू बनवण्याच्या कार्यशाळा) उभ्या केल्या त्यांत ही आहे, २००२ पासून. गावातली मुलं तिथे स्वतः सर्किट बोर्ड कोरतात. हातानं काम करत शिकायचं, हीच तिथली पद्धत.

खुल्या आराखड्याचा खरा उपयोग मला अशाच ठिकाणी दिसतो. लिलीपॅडचा नकाशा समोर ठेवून मी एटिटायनी ८५ या आठ पायांच्या चिपवर एक गोल बोर्ड आखला. पाच दिवे चालवायला याहून मोठी चिप लागत नाही. भोकं मुद्दाम दाभण जाईल एवढी मोठी ठेवली. उद्या कुणी तो मूळ बोर्ड बनवणं थांबवलं तरी माझं काम अडणार नाही.

येवलेकर

मंडळी, मला एक वेगळाच किडा चावला आहे. आमच्या घरी पैठणीचा माग आहे. वीजवाहक दोरा परदेशातून मागवता, मग जर काय वाईट? जर धातूचीच ना?

हा धागा वाचून काल मल्टिमीटर आणला. हल्लीच्या जरीला टोकं लावली तर मीटर गप्प. मग घरातली आजीच्या लग्नातली पैठणी काढली. जरीवर वीतभर अंतरावर टोकं टेकवली आणि मीटर वाजला! आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, कसला आवाज म्हणून.

कारण सरळ आहे. खरी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. चांदीसारखा दुसरा वाहक नाही. हल्लीची स्वस्त जर म्हणजे पॉलिएस्टरच्या फिल्मवर धातूचा पुसट थर आणि त्यावर लाखेसारखा लेप. ती चमकते, वीज नेत नाही.

बर्लिनकर_भाऊ

येवलेकर, तुमचा किडा फार योग्य जागी चावला! विजेच्या कापडाच्या अगदी सुरुवातीच्या कामांत हेच आहे. १९९७ मध्ये एमआयटीच्या रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी धातूच्या ऑर्गन्झावर (पातळ, झिरझिरीत कापडावर) सर्किट बसवली. ताणा (उभे धागे) साध्या रेशमाचा, बाणा (आडवे धागे) तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेल्या रेशमाचा. असं कापड भारतात शंभर वर्षं तरी दागिन्यासारखं विणलं जातंय, हे त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. धातूचे दोरे एकमेकांपासून सुटे असतात, म्हणून प्रत्येक दोरा वेगळी तार म्हणून वापरता येतो, शेजारीशेजारी तारा असलेल्या चपट्या रिबन केबलसारखा. आणि गाभा रेशमाचा असल्यामुळे तो मशीनवर शिवता येतो, उष्णताही सोसतो.

म्हणजे आपल्या विणकरांना जे शोभेसाठी जमत होतं तेच तिथे सर्किटला कामी आलं.

येवलेकर

अंगावर काटा आला. ताणा-बाण्याची भाषा आमची, आणि हे मला आज कळतंय. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, मागावर बसायला तयार नसतो. त्याला हा धागा पाठवला.

गोधडीकार

येवलेकरदादा, आजीच्या पैठणीला कात्री लावू नका हं!

येवलेकर

छे छे. मीटर लावला तोही हात धुऊन. मुलाने उत्तर पाठवलं आहे: "बाबा, बाणा तांब्याचा लावून रुमालाएवढं कापड विणून द्याल का?" आठ महिन्यांत त्याने मागाबद्दल विचारलेली ही पहिली गोष्ट.

विदर्भकन्या

चांदीवर एक सूचना. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा दोरा बाजारात मिळतो, त्याचा रोध स्टीलपेक्षा बराच कमी असू शकतो. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात घामाने तो काळा पडला आणि घासून मुलामा गेला. अंगाला लागणाऱ्या कपड्याला स्टीलच बरं. घाम खारट असतो, तो स्वतःही थोडी वीज नेतो, म्हणून आतून अस्तर हवंच. मशीनवर शिवणाऱ्यांनी स्टीलचा दोरा बॉबिनला घालावा आणि वरून साधा दोरा. वरून स्टील घातलं की मशीनच्या ताणाने गुंता होतो.

डॉक्टर_सातारा

धागा छान चाललाय, पण बॅटरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. लिथियमच्या मऊ पाकिटाच्या बॅटरीत सुई किंवा टाचणी घुसली तर पेट घेऊ शकते. ती कधीही कापडात कायमची शिवू नका. वेगळा, जाड कापडाचा, बटणाचा खिसा करा आणि शिवताना व धुताना बॅटरी बाहेर ठेवा. फुगलेली दिसली तर वापरणं बंद.

मुलांच्या कपड्यांत काही जण बटण सेल घालतात. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होते. स्क्रूने बंद होणाऱ्या डबीशिवाय तो वापरू नका. ही विनंती मी हात जोडून करते.

रानपाखरू

अवांतर: मुलीच्या परकराला गिरकी घेतली की लागणारे दिवे करायचे आहेत. कसं करावं?

बर्लिनकर_भाऊ

याला चिपही लागत नाही. इथे बर्लिनमध्ये मिका सातोमी आणि हाना पेर्नर-विल्सन या दोघी कोबाकांत नावाने काम करतात, त्यांनी आपली शेकडो तंत्रं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांतलं एक: दोऱ्याला धातूचा मणी लटकवायचा आणि त्याच्याभोवती वीजवाहक कापडाच्या पाकळ्या शिवायच्या. मणी ज्या पाकळीला टेकेल तिचा दिवा लागतो. परकराच्या नाडीचा गोंडा त्यासाठी अगदी तयार जागा आहे. बॅटरीबाबत वरचा डॉक्टरांचा प्रतिसाद आधी वाचा.

रानपाखरू

गोंड्यातला मणी! आज रात्रीच बसते.

धावदोरा (२८ डिसेंबर)

सर्वांना कळवायचं राहिलं होतं. जाकीट पूर्ण उसवून पुन्हा शिवलं.

पॉवरच्या दोन ओळी बारीक सिलिकॉन तारेच्या केल्या, टोकांना टाके घालून. डेटाची ओळ स्टीलच्या दोऱ्याची. प्लस वरच्या थरात, मायनस अस्तराच्या बाजूला, मध्ये आईच्या जुन्या सुती साडीचा थर. प्रत्येक भोकात चार टाके, गाठीवर नेलपॉलिश. बोर्ड आता कापडाला शिवलेला नाही, पितळी टिचबटणांवर बसवला आहे. टिचबटण धातूचं असल्यामुळे तेच जोडणी करतं, आणि धुताना आई चारच बटणं टिच-टिच काढते. दिवे लाल, ब्राइटनेस ४०.

साडेतीन आठवडे झाले, तीनदा धुतलं, पाचही दिवे चालू आहेत. परवा एका ट्रॅक्टरवाल्याने बाबांना थांबवलं. बाबांना वाटलं काही चुकलं. तो म्हणाला, "काका, लांबनंच दिसता आता. हे कुठं मिळतं?" त्याला ते ट्रॉलीच्या मागे लावायचं आहे.

मीनाकाकू_शिवणक्लास

ट्रॉलीसाठी ताडपत्रीवर शिव, जाड सुई घे. माझ्या मुली मदतीला येतील. कधी येऊ सांग.

तपकीरगल्ली

ट्रॉलीच्या मागे पट्ट्या आधी, दिवे नंतर. आणि तिथे दोरा अजिबात नको, सगळी तारच. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, ती ५ वर आणणारं मोड्यूल लागेल. रविवारी तपकीर गल्ली (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) बंद असते, शनिवारी आणून ठेवतो.

धावदोरा

शनिवारी संध्याकाळी सहा, माझ्या घरी. काकू, जाड सुया तुम्ही आणा, ताडपत्री बाबा पाठवताहेत.